न विचारता नेलेली गाठ

आमच्या आष्टी तालुक्यात दुष्काळापुढे भल्याभल्यांनी हात टेकले, आणि दुष्काळाने हात टेकले ते फक्त आमच्या आत्यापुढे. विहिरी आटल्या, बोअर आटले, कारखान्याचं धुराडं थंड पडलं, पण आत्याच्या तोंडाचा पट्टा एक दिवस थांबला नाही. ती गावातच दिलेली होती. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. एक म्हैस, थोडी कोरडवाहू जमीन आणि आम्ही भाचरं एवढाच तिचा गोतावळा. उंचीने एवढीशी, पण बोलायला लागली की समोरचा माणूस आपोआप एक पाऊल मागे सरकायचा.

स्वभाव म्हणाल तर मागणाऱ्याला ती कधीच नाही म्हणाली नाही, आणि न विचारता घेणाऱ्याला तिने कधी सोडलं नाही. ताक मागायला आलेल्या बाईला ती गाडगंभर ताक देऊन वर कढीपत्त्याची डहाळी द्यायची. पण शेजाऱ्यांच्या जावयाने एकदा तिच्या दारातल्या झाडाच्या दोन मिरच्या जाता जाता तोडल्या, तर ही त्याच्यामागे वेशीपर्यंत धावली. जावई फौजदार होता, तोही वर्दीत. "फौजदार आसशील तुज्या ठाण्यात. मिरची माज्या दारातली हाय," असं म्हणून तिने भर चौकात मिरच्या परत घेतल्या आणि म्हणाली, "आता इचार." फौजदाराने खाली मान घालून विचारलं. मग तिने त्याला घरी आणून त्याचा हातरुमाल मिरच्यांनी भरून दिला, चहा पाजला, आणि बायकोला नीट नांदव म्हणून दमही भरला. शिंप्याकडून ती झंपराच्या चिंध्या परत आणी. नारायणगडाच्या जत्रेत कुण्या फोटोवाल्याने न विचारता तिचा फोटो काढला, तर तो माणूस पालं मोडून जाईपर्यंत ही त्याच्या पालासमोर बसून राहिली होती.

पण तिचं खरं गाजलेलं भांडण दूध संस्थेतलं. संस्थेत रोज सकाळी प्रत्येकाच्या दुधातून फॅट तपासायला वाटीभर दूध काढून घेत, त्याला सॅम्पलचं दूध म्हणायचे. यंत्राला त्यातलं चमचाभर पुरे. उरलेलं कुठे जातं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, कारण सचिवाच्या दारात म्हैस नव्हती आणि घरातून तूप कढवल्याचा वास मात्र रोज यायचा. बोलायची हिंमत कुणाला नव्हती. आत्या वार्षिक सभेत, अध्यक्षांचं भाषण चालू असताना उभी राहिली. "तपासायला घेतलंत, तपासलंत. उरलेलं माजं हाय. माज्या कॅनात वता."

सचिव हसून म्हणाला, "आत्याबाई, एवढंसं दूध. तुमी काय करणार त्याचं?"

"मी मोरीत वतीन. पर माज्या हातानं वतीन."

सभा इतकी हसली की अध्यक्षांना भाषण आवरावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून उरलेलं सॅम्पल ज्याचं त्याच्या कॅनात ओतायला लागले, आणि आत्या जिंकल्यासारखी गावभर हिंडली.

त्यानंतर तिच्या गळ्याला गाठ आली. मी तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन झालं, आत्या वाचली, आणि त्या डॉक्टरांचे हे उपकार मी विसरलेलो नाही. शुद्धीवर येताच तिने पहिला प्रश्न विचारला, "माजी गाठ कुठं हाय?" नर्स म्हणाली, तपासायला पाठवलीय. "तपासून झाली की माघारी द्या," आत्या म्हणाली, आणि सगळा वॉर्ड हसला. मीही हसलो. घरी निघायच्या दिवशीसुद्धा ती दारात अडून बसली, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "आजी, त्या गाठी आम्ही नष्ट करतो." तिने विश्वास ठेवला. डॉक्टर खोटं कशाला बोलतील, असं तीच मला रस्ताभर सांगत होती.

पुढे तो मोठा दुष्काळ पडला. गावाबाहेर चारा छावणी लागली आणि आत्या म्हशीसोबत छावणीत राहायला गेली. तिथे एका दुपारी मी तिची भाकरी घेऊन गेलो होतो, तेव्हा दवाखान्याची जीप आली. आतून एक तरुण डॉक्टर उतरला, चाऱ्यासाठी आणलेल्या उसाच्या वाढ्याच्या पेंढीवर बसला आणि घाम पुसत म्हणाला, "आजी, पाणी मिळेल का?" टँकर तीन दिवसांआड यायचा. आत्याने आपल्या कळशीतलं तांब्याभर पाणी त्याला दिलं आणि तो पिताना कौतुकाने बघत बसली.

पाणी पिऊन तो हरखून सांगायला लागला. तिच्या गाठीतल्या पेशी दवाखान्याने ठेवल्या होत्या. काचेच्या बाटलीत त्या अजून जिवंत होत्या, वाढत होत्या, आणि अशा पेशी फार क्वचित मिळतात म्हणून दुसऱ्या शहरांत, परदेशातही पाठवल्या होत्या. आता त्या पेशींशी ताडून बघायला तिचं आणि तिच्या भावाचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, रक्त हवं होतं.

आत्याने गळ्यावरच्या टाक्यांच्या खुणेवर बोट फिरवलं. मग तिने विचारलं, "जित्ती हाय? मग खाती काय?"

"दर दोन दिवसांनी आम्ही ताजं खाद्य घालतो, आजी."

"हितं माजी म्हैस निम्म्या पेंढीवर हाय, अन् माज्या गाठीला दोन दिसाला ताजा खुराक! मला कुणी नगरच्या म्होरं नेलं न्हाई, अन् ती इमानात बसून गेली! तिच्यावर नाव तरी हाय का माजं?"

"नाव नसतं. नंबर असतो."

"आमच्या म्हशीच्या कानातबी नंबर हाय. पर त्यावरून मालक घावतो." तिचा आवाज चढला तसे छावणीतले लोक गोळा झाले. डॉक्टर चाचरत म्हणाला की ऑपरेशनच्या कागदावर तिचीच सही आहे. "ती काढायला दिलती. ठिवायला न्हाई."

दूध संस्थेचे अध्यक्षही त्या गर्दीत होते, ते मध्ये पडले. विज्ञानाचं काम आहे, लोकांचे जीव वाचतील, अडवू नका, म्हणाले. कुणीतरी मागून म्हणालं, नाहीतरी कचऱ्यातच गेली असती. मला आजही त्या वाक्याचा संताप येतो. कचऱ्यात जाणार होती तर परदेशात कशाला गेली? आणि तिला नष्ट केली म्हणून सांगायचं कारण काय होतं? जिच्या गळ्यातून काढली तिला एक शब्द विचारायला किती वेळ लागला असता?

आत्या मात्र शांत झाली होती. तिने रिकामा तांब्या त्या पोराच्या हातातून घेतला. "लेकरा, पानी इचारून पेलास. दिलं का न्हाई मी? मग गाठ कावून न इचारता नेली? जा, तुज्या सायबाला धाड. मागचं इचारा, मग रगताचं बोलू."

पोरगा वाईट नव्हता. त्याचे कान लाल झाले. साहेबांना घेऊन येतो, असं म्हणून तो गेला. दुष्काळ सरला, छावणी उठली, म्हैस पुन्हा दारात आली. कुणी आलं नाही. मी स्वतः दोनदा दवाखान्यात जाऊन आलो; तिथे मला या खिडकीतून त्या खिडकीत पाठवण्यापलीकडे कुणी काही केलं नाही. घरी आलो की आत्या दारातच विचारायची, "काय म्हनत्यात?" आणि माझा चेहरा बघून स्वतःच विषय बदलायची.

शेवटच्या दुखण्यात ती फार बोलत नसे. एका सकाळी मी दूध पाजत होतो, तर माझं मनगट धरून म्हणाली, "बापू, त्ये पोरगं आलतं का रं इचारायला?"

"नाही, आत्या."

"माज्या तेराव्याला तुमी जेवाल, अन् मी तिकडं जित्तीच," असं म्हणून ती थोडं हसली. मग म्हणाली, "आलं तर हो म्हन. लोकांचं बरं हुत आसंल तर ऱ्हाऊ दे तिकडं. पर आदी इचारू दे हां. मग म्हन."

आत्याला जाऊन बरीच वर्षं झाली. संस्थेत अजून उरलेलं सॅम्पल ज्याचं त्याच्या कॅनात पडतं. गावात अनोळखी जीप आली की मी हातातलं काम टाकून दारात येऊन उभा राहतो. हो म्हणायला मी तयार आहे. विचारायला अजून कुणी आलेलं नाही.