बाबांचा तळहात आणि टॅक्सीचं टायमिंग

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. आम्ही लालबागला चाळीत राहायचो. बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते आणि मी टॅक्सी चालवायचो. गिरणीतलं बदली कामगाराचं काम सोडून मी गाडीवर गेलो, तेव्हापासून बाबा गाडीकडे बघेनासे झाले. ती चाळीच्या तोंडाशी उभी असली की ते समोरच्या फुटपाथने जात.

साच्यांच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे त्यांना ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं. घरात आम्ही त्यांच्याशी ओठांनी आणि हातांनी बोलायचो. साचेखात्यात सगळे तसंच बोलतात. आई लांबून नुसती बोटं वळवायची आणि बाबा जेवायला उठायचे.

त्या थंडीत माझ्या गाडीचा डिस्ट्रीब्युटर फुटला. डिस्ट्रीब्युटर म्हणजे इंजिनातल्या प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटून देणारी डबी. मूळ कंपनीची डबी बाजारात कुठेच मिळेना, म्हणून दुसऱ्याच कंपनीची बसवली. बसली नीट, पण गाडीवरच्या जुन्या खुणा तिला जुळेनात. धावताना ठीक चाले. उभी राहिली की मात्र हिवताप भरल्यासारखी कापायची. चौकात पोलिसाने हात दाखवला की तेवढ्यात ती बंद पडायची. कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले, तरी तेच. राहिलं होतं ते टायमिंग. ठिणगी नेमकी कधी पडावी, ते डबी किंचित फिरवून ठरवायचं असतं. ते ऐकून करायचं काम. आणि आमच्या रस्त्यावर ट्राम, हातगाड्या, गिरण्यांची घरघर, यात कुणाला काय ऐकू येणार?

मग हरताळ पडला.

त्या दिवशी सकाळी भोंगा झाला नाही. मी जागा झालो तेव्हा वाटलं, अजून स्वप्नातच आहे. ट्रामचे रूळ उन्हात रिकामे पडले होते. धुराड्यांवरचं आभाळ कधी नव्हे ते निळं दिसत होतं. दुपारी तर इतकं शांत झालं की तिसऱ्या मजल्यावर कुणी तांदूळ पाखडतंय तेही खाली ऐकू यावं. गोळीबाराच्या बातम्यांनी माणसं हादरलेली होती, हळू आवाजात बोलत होती. मी बॉनेट उघडलं आणि इंजिन चालू केलं.

लगेच चळवळीचा एक तरुण कार्यकर्ता धावत आला. "आज गाडी काढतोयस?"

"नाही रे. हलवणार नाही. नुसती ऐकतोय."

त्याने वाकून इंजिनाची ती धडधड ऐकली, म्हणाला, "आजारी आहे बिचारी," आणि गेला.

मी डबीचा बोल्ट सैल केला. डबी जराशी डावीकडे फिरवली, गाडी मरायला टेकली. घाबरून उजवीकडे फिरवली, तर हात वायरीला लागला आणि असा झटका बसला की मी मागे उडालो आणि थेट फुटपाथवर बसलो.

वरून हसण्याचा आवाज आला. बाबा गॅलरीत उभे होते. त्यांना स्वतःचं हसणं ऐकू येत नसे, म्हणून ते फार मोठ्याने हसायचे. मीही हसलो. थोड्या वेळाने पाहतो तर ते धोतर सावरत जिना उतरून येत होते.

ते गाडीपाशी आले आणि मडगार्डवर डावा तळहात ठेवला. साच्यावर ठेवायचे तसाच, बोटं फाकवून. डोळे मिटले.

"कापता हा," ते म्हणाले. मग उजवा हात उचलून त्यांनी बोटं हवेत किंचित वळवली. फिरव.

मी फिरवली. त्यांनी मान हलवली, नाही. अजून जरा. वायरीपासून हात लांब ठेवून मी केसभर सरकवत गेलो. इंजिनाचा सूर चढत गेला, मधले आचके विरळ झाले. माझे डोळे बाबांच्या उजव्या हातावर होते. आता मी इंजिन ऐकतही नव्हतो. त्या रिकाम्या रस्त्यावर आम्ही दोघं कुठल्यातरी पाण्याखाली आहोत, असं वाटत होतं.

त्यांची मूठ मिटली. थांब.

"आता बरां चलता."

मी बोल्ट आवळला. गाडी मांजरासारखी गुरगुरत होती. बाबांनी हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी हरताळ सुटला. बाबांना दुपारची पाळी होती. सकाळी मी निघालो तर ते आपणहून दार उघडून पुढच्या सीटवर येऊन बसले. परळच्या पुलाच्या चढावर गाडी चढायला लागली आणि इंजिनातून बारीक टकटक ऐकू आली. मी दुर्लक्ष केलं. बाबांनी डॅशवर हात ठेवला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हाताक टोचता."

पूल उतरून मी गाडी कडेला घेतली. ठिणगी जराशी लवकर पडत होती. उभ्या गाडीला ते मानवत होतं, चढाला नाही. डबी थोडी मागे घेतली, पुन्हा पुलावर गेलो. टकटक गेली होती.

मग मी गाडी गिरगावकडे वळवली आणि चौपाटीला समुद्रासमोर थांबवली. ओहोटी होती. ओल्या वाळूवर ऊन पसरलं होतं, लांब कुणीतरी जाळं झटकत होतं. माझ्या कानाला लाटा आणि इंजिन यांचा एकच आवाज येत होता.

"गिरण सोडलंस तेव्हा माका वाटला, तू आमका सोडलंस," बाबा समोर बघत म्हणाले.

मी मान हलवून नाही म्हटलं. पण ते माझ्याकडे बघत नव्हते, म्हणून त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो दाबला. नंतर पाय पसरून, मान सीटला टेकवून ते झोपी गेले. मी इंजिन बंद केलं नाही, आणि उन्हं सीटवर येईपर्यंत आम्ही तिथेच होतो.