माझे संशयी सासरे आणि त्यांचे जर्मन

माझ्या सासऱ्यांइतक्या आनंदानं संशय घेणारा दुसरा माणूस या पृथ्वीवर नसेल. आयुष्यभर त्यांनी पुण्यात विम्याचे दावे तपासले, संध्याकाळच्या वर्गाला जाऊन जर्मन शिकले, सुट्ट्या ग्रंथालयांत घालवल्या आणि निवृत्त झाल्यावर एकाच विषयाला पुरतं वाहून घेतलं: इस्लामच्या उगमाचा शोध युरोपातल्या विद्वानांनी कसकसा घेतला. "मी इस्लामचा अभ्यासक नाही हं," ते प्रत्येकाला बजावतात, "इस्लामच्या अभ्यासकांचा अभ्यासक आहे. त्यांची भांडणं काय सुंदर आहेत!" आमच्या इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे दर डिसेंबरात, ते ऑकलंडला आमच्याकडे येतात. गेल्या खेपेला विमानतळावरच्या बाईंनी लोणचं असेल म्हणून त्यांची बॅग उघडली, तर आत जाडजूड जर्मन पुस्तकं. बिचारीला ती भांडणं उभ्या उभ्या ऐकावी लागली, आणि मागे रांग वाढत गेली तशी तिनंच हात जोडल्यासारखं करून त्यांना पुढे पाठवलं.

त्या विद्वानांच्या शोधाची गोष्ट ते क्रिकेटच्या सामन्यासारखी सांगतात. आधी युरोपात नुसती शिवीगाळ होती. मग एकोणिसाव्या शतकात जर्मन लोक जिद्दीनं अरबी शिकले, पैगंबरांची जुनी चरित्रं छापली आणि बऱ्यापैकी विश्वासानं वाचली. "आणि मग आला हंगेरियन!" इथं हातातली पोळी ताटात पडते. तो म्हणाला, पैगंबरांच्या नावानं सांगितलेल्या कित्येक गोष्टींत नंतरच्या पिढ्यांचे वाद ऐकू येतात. पुढे लंडनच्या बंडखोरांनी मुस्लिम साधनं सरळ बाजूला ठेवली आणि त्या काळच्या ग्रीक, सिरियाक, आर्मेनियन शेजाऱ्यांच्या लिखाणाला विचारलं, तुम्ही काय पाहिलंत? त्यांच्यातले काही तर म्हणाले, कुराणसुद्धा बरंच उशिरा आकाराला आलं. कुराणाची जुनी चर्मपत्रं प्रयोगशाळेत तपासली आणि ती फार प्राचीन निघाली, ही बातमी त्यांनी आमच्या इथल्या सँडरिंगहॅम भागातल्या वाण्याकडे मोबाइलवर वाचली, तेव्हा मेथीची जुडी उंचावून ते ओरडले, "बंडखोर तोंडावर पडले!" दुकानातल्या लोकांना वाटलं, भारत जिंकला.

शेजारच्या मिठाईच्या दुकानात त्यांना तोडीस तोड मित्र भेटला, हैदराबादचे एक निवृत्त इंजिनियर. पैगंबरांच्या गोष्टी सांगणाऱ्यांच्या साखळ्या कशा तपासतात ते सासऱ्यांनी त्यांना रंगवून सांगितलं. अमक्यानं तमक्याकडून ऐकलं, त्यानं कोणाकडून? एकच गोष्ट अनेक वाटांनी आली आणि सगळ्या वाटा मागे जाऊन एकाच माणसाशी मिळाल्या, तर तो सामाईक दुवा. त्याच्याकडे जरा नीट बघायचं, गोष्ट त्यानंच रचलेली असू शकते. इंजिनियरसाहेब शांतपणे म्हणाले, "भाईसाब, ये जाँच तो हमारे बुजुर्गों ने हज़ार साल पहले शुरू की थी. आपके जर्मन ज़रा लेट हो गए." सासरे इतके खूष झाले की त्यांनी आणखी जिलबी मागवली.

मी मात्र, कबूल करतो, व्याख्यान सुरू झालं की मीटिंगचं सोंग करून लॅपटॉप उघडायचो. त्याची टोचणी अजून आहे. घरातली कुठलीही बातमी त्यांच्या तपासातून सुटत नसे. हेन्डरसनला घरं स्वस्त झालीत म्हणावं, तर "हे तुम्हाला कोणी सांगितलं, जावईबापू? आणि त्याला?"

या वर्षी सासूबाईंच्या तिथीला जेवताना माझी बायको सहज म्हणाली, "बाबा, मला टायफॉइड झाला होता ना, तेव्हा तुम्ही कामावर न जाता माझ्या उशाशी बसून होतात. पुस्तकसुद्धा उघडलं नाहीत."

सासऱ्यांचा घास थांबला. "हे तुला कोणी सांगितलं?"

"मला आठवतंय की."

"तेवढ्याशा पोरीला? शक्य नाही!"

झालं. त्यांनी तिथूनच पुण्याला फोन लावले. मेहुणा म्हणाला, "हो, तुम्ही बर्फ फोडून आणायचात." आत्याबाई म्हणाल्या, "अरे दादा, कोलनवॉटरच्या पट्ट्या तूच बदलत होतास. डोळ्यांत पाणी होतं तुझ्या!"

"तू पाहिलंस?"

"मी कुठली पाहते, मी नाशिकला. वहिनीनं सांगितलं."

"बघा जावईबापू, जितकं लांब जावं तितका तपशील जास्त!" मेहुण्यालाही आईनंच सांगितलं होतं. आणि बायकोला? "आईनंच," ती हळूच म्हणाली.

सासरे खुर्चीवरून उठलेच. "सापडला! सामाईक दुवा सापडला! गोष्ट साफ बनावट आहे. मी तेव्हा मुंबईला ग्रंथालयात होतो, तोच हंगेरियन वाचत!"

बायकोनं हातातला डाव खाली ठेवला. "तुम्ही नव्हतात? बाबा, या एका गोष्टीवर मी तुमच्यावरचे किती राग गिळलेत, माहीत आहे?"

नको तिथं तोंड उघडायची माझी सवय, मी म्हणालो, "पण बाबा, तुम्हीच म्हणता ना, बनावट गोष्ट फेकून द्यायची नसते. ती रचणाऱ्याला काय हवं होतं, ते तिच्यात असतं."

त्यांनी माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं. मग ते खाली बसले. म्हणाले, "तिनं सगळ्यांना सांगितली. मला नाही सांगितली."

बायको उठली आणि तिनं त्यांच्या ताटात भात वाढला.

हल्ली दर रविवारी ते आत्याबाईंना फोन लावतात आणि तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावतात. फोन स्पीकरवर असतो, लॅपटॉप मिटून मीही ऐकतो. आत्याबाई दर वेळी काहीतरी भर घालतात. परवाच्या गोष्टीत तर दादानं लेकीसाठी गाणंही म्हटलं होतं. सासरे एकदाही अडवत नाहीत. डोळे मिटून बसलेले असतात, आणि आत्याबाई दम घ्यायला थांबल्या की अगदी हलक्या आवाजात विचारतात, "हं. मग? मग मी काय केलं?"