सासूबाईंची पापणी

आमच्या फय्यूम भागातल्या कोंबड्या अंडी घालतात झकास, पण त्यांच्यावर बसायचं नाव काढत नाहीत. अंडं घातलं की चालल्या दाणे टिपायला. म्हणून गावच्या बायका अंडी आमच्या मातीच्या उबवणघरात आणतात. तीन अंडी द्यायची, दोन पिलं न्यायची, असा वाडवडिलांपासूनचा हिशेब. खालच्या खोलीत अंडी, वरच्या खोलीत धुमसत्या शेण्या, छताला धूर जायला भोक, ऊब कोंडायची तर त्यात चिंध्यांचा बोळा.

हे सगळं सांभाळतात माझे सासरे, हसानीन. पाचव्या दिवशी ते प्रत्येक अंडं दिव्यापुढे धरतात. आत लाल शिरा दिसल्या तर जीव धरला. नाही दिसल्या तर अंडं आणणाऱ्या बाईबद्दल म्हणतात, "हिच्या घरी कोंबडा नाही, नुसत्या गप्पा आहेत." ऊब बघायची ती मिटल्या पापणीला अंडं लावून. सरकारी डॉक्टरांनी दिलेला थर्मामीटर खिळ्याला लटकतोय, त्यावर सासऱ्यांची टोपी.

हे काम बापाकडून मुलाकडे जातं. माझा नवरा खमीस ट्रक चालवायला पळाला, तरी सासूबाईंच्या हाती ते कुणी दिलं नाही. नबविया त्यांचं नाव. पस्तीस वर्षं त्या दारापर्यंत चहा आणून देत होत्या, बस.

एका वर्षी अंडी लावल्यापासून पंधराव्या दिवशी सासऱ्यांनी पापणीला अंडं लावलं आणि ओरडले, "गार! पोरी, शेण्या टाक!" मी टाकल्या. तासाभराने पुन्हा तेच. "अजून गारच!" मी पुन्हा टाकल्या. मी अशी शहाणी, की सांगितलं की धावायचं, डोकं चालवायचं नाही. तिसरी टोपली उचलली तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या.

"काय गं, एवढ्या शेण्या?"

"अंडी गार पडलीत, आई."

त्यांनी चहा खाली ठेवला, आत शिरून एक अंडं उचलून पापणीला लावलं आणि चटकन काढलं. मग नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला. त्या त्यांना अबू खमीस, म्हणजे खमीसचे वडील, अशीच हाक मारायच्या.

"अबू खमीस, अंडी गार नाहीत. तुम्ही तापलाय."

"चाळीस वर्षं हेच करतोय मी! तू जा, भाजी शिजव."

"शिजवते. पण त्याआधी ही तीन हजार शिजायला नकोत."

"तुला काय कळतंय यातलं?"

"लग्नाच्या पहिल्या वर्षी तुम्हीच अंडं लावलं होतंत माझ्या पापणीला. म्हणालात, नबविया, एवढी ऊब, ना कमी ना जास्त. मी विसरले नाही."

सासरे माझ्याकडे वळले. "पोरी, टाक शेण्या!"

मी टोपली धरून तशीच उभी. गावातल्या निम्म्या बायकांचं वर्ष त्या अंड्यांत होतं. सासूबाईंनी माझ्या हातातली टोपली हिसकली, वर चढून विस्तव बाजूला सारला आणि छताच्या भोकातला बोळा ओढून काढला.

"एक जरी पिलू मेलं, तर गावाला तोंड तू दाखव," सासरे म्हणाले.

"दाखवीन."

संध्याकाळपर्यंत त्यांना अंथरूण धरावं लागलं. पुढचे दिवस सासूबाईंची पापणी आणि आम्हा दोघींचे हात. अंडी फिरवायची, ऊब बघायची, पुन्हा फिरवायची. भीतीने मला घास जात नव्हता. त्या मात्र निवांत फूल, म्हणजे बाकल्याच्या दाण्यांची उसळ, आणि भाकरी खायच्या, मलाही भरवायच्या.

एकविसाव्या दिवशी आतून टकटक सुरू झाली. एकाने कवच फोडलं, मग दुसऱ्याने, मग खोलीभर नुसता चिवचिवाट. कोपऱ्यातली शे-दीडशे अंडी तेवढी फुटली नाहीत. शेण्यांची रास मी तिथेच वर घातली होती. सासूबाईंनी ती अंडी मोजली आणि आमच्या वाट्यातून वजा केली. गावाला एका शब्दाने सांगितलं नाही, मलाही टोचून बोलल्या नाहीत. या बाईचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

सासरे भिंत धरत आले. पिलांकडे बघत राहिले. मग सासूबाईंकडे न बघताच अंथरुणाकडे परतले. मला राग आला, खोटं कशाला बोलू!

पुढची अंडी लावली त्या दिवशी सासूबाई नेहमीसारख्या चहा ठेवून परत निघाल्या. सासऱ्यांनी आपल्या पापणीला लावलेलं अंडं काढलं.

"नबविया," त्यांनी हाक मारली. मी त्यांच्या तोंडून सासूबाईंचं नाव पहिल्यांदाच ऐकलं. "आत ये."

त्या वाकून आत गेल्या. सासऱ्यांनी ते अंडं त्यांच्या मिटल्या पापणीला लावलं.

"एवढी?"

"एवढीच," सासूबाई म्हणाल्या.