मधुराच्या हमीवर सुटलेला बाळू

माझ्या शब्दावर माणसं कोठडीतून सुटतात. म्हणजे शब्द माझा. सही, पत्ता आणि अनामत सुनेची! मधुरा, माझी सून, विमानतळाजवळच्या डिटेन्शन सेंटरमध्ये, राहण्याचं परमिट संपलं म्हणून कोंडलेल्या लोकांना भेटायला जाते. मी हॉलंडात नीउ-व्हेनेपला मुलाकडे आलो की तिच्या मागे शेपटासारखा. प्रत्येक भेटीत एखादा किस्सा चिकटतोच. आता अंगभर झालेत.

*

पहिल्याच भेटीत गार्डला म्हटलं, आत करमलं तर राहू का? मधुराने कपाळाला हात लावून भाषांतर केलं. गार्ड हसला नाही.

"भेटायला चार आत गेले की चार बाहेर आले पाहिजेत," तो म्हणाला. "कोणते चार, हा प्रश्न मला विचारू नका."

परतताना गाडीत मी स्वतःला दोनदा चिमटा काढला.

*

आत बाळू भेटला. बार्शीचा, स्वयंपाकी. हॉटेल बंद पडलं, परमिट गेलं, हा राहिला. मागणी एकच: दोन पोलिसांच्या मध्ये बसून नाही, आपल्या पायांनी घरी जायचंय. मी म्हटलं, विमानात पाय टेकतात कुठे! तो हसलाच नाही. माझ्यामागच्या दाराकडे बघत राहिला.

*

मधुराने वकिलाकडून हमीचा अर्ज केला. मला वाटलं आपल्याकडच्यासारखं, पैसे भरले की माणूस मोकळा. म्हणून इमिग्रेशन ऑफिसातल्या बाईंना पेढे नेले. त्यांनी पेनाच्या टोकाने बॉक्स परत सरकवला आणि वकिलाने मला समजावलं. पासपोर्ट ऑफिसात जमा. राहायचं आमच्या पत्त्यावर. दर मंगळवारी तिथे हजेरी आणि महिन्याभरात आपणहून परत जायचं. एक हजेरी चुकली की अनामत गेली, बाळू पुन्हा आत आणि मग पोलिसांच्या मध्ये बसूनच बार्शी.

पेढे मीच संपवले.

*

बाळू घरी आला आणि दारं उघडेना. बाथरूमपुढेसुद्धा हात खाली सोडून उभा. कोणी उघडलं की आत. संध्याकाळी आठला पलंगाशेजारी ताठ, कोठडीतल्यासारखा मोजणीसाठी. कोण मोजणार? आमची नात तीन दिवस मोजत होती, डचमध्ये. "एक!"

मला खोड सुचली. पॅसेजमध्ये किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला.

बाळू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दोन्ही तळवे भिंतीवर. मी हाक मारली तरी वळेना. शेवटी मधुराने येऊन त्याचा एकेक हात खाली घेतला. माझ्याशी ती दिवसभर बोलली नाही. जुडगा मी पिठाच्या डब्यात पुरला.

*

मग पहिला मंगळवार. दहाची हजेरी, सव्वानऊची बस. मुलगा आणि मधुरा कामावर, नात शाळेत. जाताना मधुरा बजावून गेली, आबा, तुम्ही सोबत जा.

बाळू नऊपासून बूट घालून बाहेरच्या दारापुढे उभा. मी त्याच्या मागे, कोट-टोपी घालून. दाराला कुलूप नाही, नुसती मूठ. काचेतून कोपऱ्यावरचा थांबा दिसत होता. थांब्यावर दोन बायका होत्या. मग बस आली.

मी म्हटलं, "अरे, गार्ड नाही, कुलूप नाही. हात लाव आणि चल."

बाळू वळला नाही.

"आबा, मला येऊन आठ दिवस झाले. हे दार तुमच्या हाताने उघडलेलं मी अजून पाहिलं नाही."