घरच्यांची खरेदी

आगरदांड्याच्या फकरुद्दीनचं अक्षर इतकं देखणं होतं, की मुरूडच्या कचेरीतले लोकसुद्धा महत्त्वाचा अर्ज असला की त्याला बोलावून न्यायचे. व्हर्नाक्युलर फायनल पास झाल्यावर बापाने त्याला मुंबईच्या आगबोटीत बसवलं आणि एकवीस साली तो चंद्रमणी गिरणीच्या कचेरीत चिकटला. काम शेअरखात्यात. कुणी शेअर विकला, कुणी घेतला, त्याचे फॉर्म टेबलावर येत. जुन्या मालकाचं नाव काढून नव्याचं नाव रजिस्टरात चढवायचं. राहायला डोंगरीत गावच्या जमातीची खोली, आणि वर्षातून दोनदा घरी, बायको खतिजाकडे.

पाच वर्षं त्याने नुसती नावं लिहिली. सहाव्या वर्षी त्याला नावं दिसायला लागली. गिरणीचा भाव तेव्हा मेल्यासारखा पडलेला. वर्तमानपत्रात रोज तोच आकडा. आणि तशात गिरणीच्या मालकांपैकी धाकट्या शेठच्या मेव्हण्याच्या नावावर शंभर शेअर चढले. मग शेठच्या सासूच्या नावावर दीडशे. फकरुद्दीनने स्वतःच्या हाताने ती नावं लिहिली आणि मनात म्हणाला, सासूबाईंना कापडगिरणीचं एवढं प्रेम कधीपासून? अडीच महिन्यांनी कंपनीने मोठा डिव्हिडंड जाहीर केला आणि भाव दीडपट झाला.

त्या दिवसापासून त्याला नाद लागला. त्याने चौकटींचे कागद आणले आणि पंचवीस-तीस कंपन्यांचे रोजचे भाव त्यावर ठिपक्यांनी मांडायला लागला. ठिपके जोडले की रेघ व्हायची. महिनोन् महिने आडवी पडलेली रेघ आपला जुना माथा ओलांडून वर निघाली, आणि त्याच वेळी बाजारात त्या शेअरची उलाढालही वाढली, की तो त्या कंपनीवर तांबड्या पेन्सिलीने खूण करायचा. ही त्याची पहिली चाळण. तिच्यातून चार-पाच नावं खाली पडायची. मग दुसरी चाळण, घरच्यांची. जमातीच्या खोलीत निरनिराळ्या कचेऱ्यांतले कारकून राहत. फकरुद्दीन त्यांना इराण्याकडे चहा पाजून सहज विचारायचा, "काय रे, तुमच्या शेठच्या घरची मंडळी काय घेतायत सध्या?"

दोन्ही चाळण्यांतून जे उरेल, त्याचे पाच शेअर तो घ्यायचा. जास्त नाही. तीन वेळा त्याने असे घेतले, तिन्ही वेळा पैसे झाले. चौथ्यांदा चुकला, पण फार बुडाला नाही. त्या पैशांतून त्याने परसात विहीर बांधली.

खतिजाला ते पटत नसे. "दुसऱ्याच्या घरात डोकावून मिळालेलं पाणी हाय हे," ती म्हणायची.

"डोकावत न्हाय गं. ते माझ्यासमोरूनच जातात. मी फक्त डोळे मिटत न्हाय."

पैशांपेक्षा त्याला दुसरीच गोष्ट सुखावत होती. सगळ्या मुंबईला जे कळायला दोन महिने लागतात, ते आगरदांड्याच्या पोराला आधी कळतं, ही ती गोष्ट. पण ते कुणाला सांगता येत नव्हतं, आणि न सांगता राहवतही नव्हतं. म्हणून त्याने ते शिवदासला सांगितलं.

शिवदास खाडीपलीकडचा, दिघीचा कोळी. दोघं लहानपणी एकाच खाडीत पोहायला शिकलेले. शिवदासची बायको नीराबाई सुके बोंबील घेऊन या काठाला आली की खतिजाकडे जेवल्याशिवाय परतत नसे. शिवदास पुढे तांडेल झाला होता, पण दुसऱ्याच्या मचव्यावर. स्वतःचा मचवा बांधायचा म्हणून तो आठ वर्षं एकेक करून सागाचे सोट जमवत होता. घराच्या मागे त्याने ते झावळ्यांखाली झाकून ठेवले होते.

"मला पन घेऊन दे की," शिवदास म्हणाला.

"नको शिवा. माझं हसं झालं तर मी एकटा पुरे."

कित्येक वर्षं फकरुद्दीन हेच उत्तर देत राहिला. छत्तीसच्या दिवाळीनंतर मात्र एक गोष्ट घडली.

धाकट्या शेठनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं. मेजावर फकरुद्दीनचे चौकटींचे कागद पसरलेले होते. कुणीतरी ते त्याच्या खणातून काढून आणले होते. फकरुद्दीनला वाटलं, नोकरी गेली.

"बसा मुन्शी," शेठ म्हणाले. पंधरा वर्षांत त्याला कुणी त्या खोलीत बसा म्हटलं नव्हतं. "हे तुम्ही केलंत? एकट्याने? अहो, आमच्या घरात चूल कधी पेटते ते तुम्ही धुरावरून ओळखता की!"

शेठ हसले. चहा मागवला. पगारात दहा रुपये वाढवले. आठवड्याने पुन्हा बोलावून म्हणाले, "मुन्शी, गिरणीत नवे माग येतायत. आम्ही घरची माणसं जमेल तेवढे शेअर घेतोय. पण एकाच घराची नावं फार दिसली की बाजार सावध होतो. थोडे शेअर विश्वासाच्या माणसाच्या नावावर ठेवावेत म्हणतो. तुमच्या."

सोबत काही कोरे फॉर्म होते, विक्रीचे. "उद्या परत आमच्या नावावर घ्यायला लागतील. आत्ताच सह्या करून ठेवा, म्हणजे तुम्हाला त्रास नको."

फकरुद्दीनने सह्या केल्या. मग आपल्या टेबलाशी येऊन त्याने रजिस्टर उघडलं आणि दोन हजार शेअरांचा मालक म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. त्या दिवशी तर त्याचं अक्षर मोत्यासारखं उमटलं.

घरच्यांना नावं अपुरी पडतायत, यापेक्षा मोठी खूण ती कोणती? शेठची बायको, भावजय, दोन्ही मुली यांची नावं दर आठवड्याला टेबलावर येत होती, दहा-दहा, वीस-वीस शेअरांची. कागदावरच्या रेघेनेही माथा ओलांडला होता. उलाढाल कधी नव्हती एवढी वाढली होती. पण एवढी उलाढाल आहे म्हणजे एवढं विकतंय कोण, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवला नाही. ज्या माणसाने दहा वर्षं प्रत्येक नावाला 'तू कोण' विचारलं, त्याने स्वतःच्या नावाला ते विचारलं नाही.

तो घरी आला तेव्हा शिवदासला आपणहून म्हणाला, "आता घे."

शिवदासने सागाचे सोट विकले. त्या पैशांत चाळीस शेअर बसले. त्याचं बघून दिघीतल्या आणि आगरदांड्यातल्या आणखी अकरा घरांनी घेतले. फकरुद्दीनने स्वतः वीस घेतले, त्याच्या हिशेबी हीच त्याची मोठी उडी.

सदतीसच्या मार्चात भाव डगमगला आणि एप्रिलात सगळा बाजारच कोसळला. चंद्रमणी सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांच्या खाली गेली. नवे माग आलेच नव्हते. यंदा डिव्हिडंड नाही, असं कंपनीने जाहीर केलं. तरी फकरुद्दीनला वाटत होतं, घरची माणसंही बुडालीच असणार.

मे महिन्यात वार्षिक सभेसाठी रजिस्टर बंद करायची वेळ आली. हातोहात फिरलेले, अजून नोंद न झालेले फॉर्म अशा वेळी एकदम येतात. तीन गठ्ठे आले. त्याने पहिला सोडला. विकणाऱ्याच्या जागी सही होती त्याची स्वतःची. दुसऱ्या फॉर्मवर तीच, तिसऱ्यावरही तीच. तारखा सगळ्या जानेवारी-फेब्रुवारीच्या, भाव माथ्यावर होता तेव्हाच्या. घरच्या बायकांनी दहा-वीस शेअर दाखवायला घेतले होते, आणि शेठनी त्याच्या नावाआडून दोन हजार बाजारात ओतले होते. दुसऱ्या गठ्ठ्यात दलालाकडून आलेला एक फॉर्म होता. घेणारा शिवदास, राहणार दिघी, शेअर चाळीस. विकणारा फकरुद्दीन, राहणार आगरदांडा.

तो फॉर्म घेऊन तो शेठच्या खोलीत गेला. या वेळी कुणी बसा म्हटलं नाही.

"सही कुणाची आहे?" शेठनी विचारलं.

"माझी."

"रजिस्टर कोण लिहितं?"

"मी."

"मग माझ्याकडे काय काम आहे?"

फकरुद्दीनने ती सगळी नावं लिहून काढली, कारण काम त्याचंच होतं. मग नोकरी सोडली आणि पावसाळ्याआधीच्या शेवटच्या आगबोटीने थेट दिघीला उतरला. दुसऱ्या कुणी कागद वाचून दाखवायच्या आधी शिवदासला आपण सांगावं, एवढंच त्याच्या मनात होतं. पण शेअरचा कागद टपालाने त्याच्या आधीच पोचला होता. शाळामास्तरांनी तो फॉर्मच्या नकलेसकट वाचून दाखवला होता.

शिवदास जाळं विणत बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मला एक पैसा मिळाला न्हाय शिवा. अल्ला शपथ."

"आसंल," शिवदास म्हणाला. "मासली कुठं हाय ते सांगनारा चुकतो. दर्यात आसं व्हतंच. त्याला मी बोल लावत न्हाय. पन सांगनाराचंच जाळं निघालं तर?"

नीराबाई आतून बाहेर आली नाही, आणि त्यानंतर बोंबील घेऊन ती कधी खतिजाच्या दारी गेली नाही. गावात लोक आता अर्जसुद्धा त्याच्याकडून लिहून घेईनात.

अडतीस साली थंडीत मुंबईचा एक दलाल किनाऱ्यावर फिरायला लागला. चंद्रमणीचे शेअर तो पडत्या भावाने, रोख पैसे देऊन घेत होता. फकरुद्दीनने त्याच्या हातातला फॉर्म पाहिला. घेणाऱ्याच्या जागी शेठच्या मेव्हण्याचं नाव होतं. बस्स, त्याला कळलं. तो दारोदार गेला. "विकू नका! घरचेच परत घेतायत. काहीतरी शिजतंय. थांबा!"

"यात तुला काय मिळनार?" लोकांनी विचारलं. बाराच्या बारा घरांनी विकले, शिवदासने सर्वांत आधी.

एकोणचाळीसच्या सप्टेंबरात विलायतेत लढाई जुंपली. कापडाच्या मागणीच्या बातमीनेच गिरण्यांचे भाव उसळले. चंद्रमणी चौपट झाली. न विकलेले वीस शेअर सगळ्या किनाऱ्यावर एकट्या फकरुद्दीनकडे होते. ते त्याने विकले आणि सगळे पैसे रुमालात बांधून होडीने दिघीला गेला.

शिवदासने रुमालाला हात लावला नाही. "घेतले तर तू चोर व्हतास, हे मी कबूल केलं आसं व्हईल. न्हाय घेतले तर मी खुळा. मी खुळाच बरा." मग म्हणाला, "ओहोटी लागायच्या आत जा. होडी अडकंल."

ते पैसे तसेच कपाटात पडून राहिले. पुढच्या पावसाळ्यात घर गळायला लागलं, तेव्हा खतिजाने नवऱ्याला न विचारता त्यातून मंगलोरी कौलं आणवली. खाडीच्या दोन्ही काठांवरून ती तांबडी कौलं दिसायची. लोक बोट दाखवून म्हणत, "बघा, दडवलेलं आता वर काढलं."