आप्पांची होडी आणि माझा अर्धा तास

माझ्या वडिलांनी, आप्पांनी, आयुष्यभर उचगावच्या एका फाउंड्रीत ओतकामाच्या साच्यांसाठी लागणारे लाकडी पॅटर्न बनवले. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, तेव्हा त्यांनी सागवानी फळीतून हातभर लांबीची होडी कोरली आणि तिच्यात रिमोटवर चालणारी मोटर बसवली. होडी देखणी झाली, त्याबद्दल वाद नाही. वाद होता तो बॅटरीबद्दल. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे ती किती वेळ चालेल हे सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

गच्चीवरच्या टाकीत होडी धरून, अर्ध्या वेगावर मोटर किती करंट खेचते ते मी मोजलं. पाच अँपिअर-तासांची बॅटरी, दहा अँपिअर करंट, म्हणजे अर्धा तास. शिवाय ही बॅटरी पार रिकामी केली की फुगते, कायमची जाते, म्हणून थोडी शिल्लक ठेवायची. आप्पांना हे सगळं नीट समजावलं. त्यांनी मान डोलावली. त्यातला "अर्धा तास" एवढाच त्यांच्या डोक्यात राहिला.

रविवारी सकाळी कळंबा तलावावर गेलो. होडी पाण्यात पडल्या पडल्या आप्पांनी रिमोटचा खटका पुढं ढकलला तो शेवटपर्यंत.

"आप्पा, मी अर्ध्या वेगाचं मोजलंय!"

"मग ह्यो पुरा येग हाय. लवकर जाऊन लवकर येती की."

वेग दुप्पट केला की करंट दुप्पट होत नाही, कितीतरी जास्त वाढतो, हे मी तलावाच्या काठावर ओरडून सांगत होते. फिरायला आलेली माणसं वळून बघत होती. आप्पा होडीकडे बघत होते. वारा सुटला होता आणि होडीच्या पंख्यात केंदाळाची, म्हणजे जलपर्णीची, मुळं अडकत होती.

"आता आणा माघारी."

"अजून लय दम हाय तिच्यात. एक फेरी मारतो."

फेरी अर्धी झाली. होडी तलावाच्या मधोमध मंदावली, थांबली आणि आडवी होऊन हलत राहिली.

मी म्हणाले, "थांबू या. वारा तिला काठाला आणेल." एवढं बोलेस्तोवर आप्पांनी रिमोट माझ्या हातात दिला, सदरा काढला आणि ते पाण्यात उतरले. सत्तरी ओलांडलेला, रक्तदाबाच्या गोळ्या खाणारा माणूस! मी हाका मारून घसा बसवून घेतला. काठावरच्या एकानं ओरडून विचारलं, "पावणं, वय काय तुमचं?"

"पवायला वय लागतंय व्हय?" पाण्यातून उत्तर आलं.

ते आरामात पोहत होते, पण भीतीपोटी ते माझ्या लक्षात येत नव्हतं. प्रत्येक वेळी डोकं खाली गेलं की ते वर येईपर्यंत मी श्वास धरत होते. शेवटी एका हातानं होडी ढकलत ते काठाला लागले, धापा टाकत वर आले. मी टॉवेल पुढं केला.

तोंड पुसून ते म्हणाले, "तुझं गणित कच्चं हाय."

घरी आल्यावर मी आधी होडी उघडून बघितली.

बॅटरी फुगली होती. नवी आणली, ती माझ्या अटीवर. होडी पुऱ्या वेगानं दहा मिनिटं पळवायची, बाहेर काढायची, आणि घरी चार्ज करताना किती भरावं लागलं ते चार्जरवर बघायचं. अंदाज नको, खरा खर्च कळू दे. पुढच्या रविवारी तसं केलं. चार्जरनं अर्ध्याहून बरंच जास्त भरलं. म्हणजे थोडी शिल्लक धरून, तलावावर, त्यांच्या हातात, ही होडी जेमतेम बारा मिनिटांची.

"एवढ्यात?" आप्पा भडकले. "मग पाण्यात घालायचीच कशाला?"

"सावकाश चालवा, अर्धा तास चालेल."

"सावकाश चालवायला ती काय बैलगाडी हाय?"

दोन-तीन दिवस त्यांनी होडीला हात लावला नाही. मला वाटलं, पटलं असेल. मग माडीवरून रंध्याचा आवाज यायला लागला. वर गेले तर नवी होडी, पहिलीपेक्षा लांब आणि रुंद, पोटात दोन बॅटऱ्यांची जागा.

"आप्पा, ही जड होणार. खोल बसणार, जास्त करंट खाणार. दोन बॅटऱ्या म्हणजे दुप्पट वेळ नव्हे."

आप्पांनी तळावरचा भुसा फुंकला आणि बोट फिरवून बघितलं.

"मग किती?"

"मला काय माहीत!"

"मास्तरीण हाईस न्हवं? मोज की."