तुम्ही जाल तर मी येते

माझी सून पुण्याच्या कंपनीचं काम करडी गावातल्या आमच्या पडवीत बसून करते. धानाच्या रोवणीच्या दिवसांत साहेबाने तिला फोनवर सांगितलं, संध्याकाळपर्यंत तुझे दोन प्रोग्राम एकमेकांशी बोलते कर, नाहीतर सोमवारी पुण्याला ये. ती गेली की नातही जाणार. त्यामुळे काही कळत नसताना मीही त्या लॅपटॉपवर डोळे लावून होते.

दुपारी चहा दिला आणि हळूच विचारलं, काय अडलं. तिने सांगितलं, मायक्रोसर्व्हिस म्हणजे वेगवेगळ्या घरांत राहणारे छोटे प्रोग्राम. दुसऱ्याच्या घरात शिरायचं नाही. एचटीटीपी नावाच्या ठरलेल्या रीतीने दारातून विचारायचं आणि उत्तराची वाट पाहायची. एक प्रोग्राम ऑर्डरी घेतो, दुसरा गोदाम सांभाळतो. पहिला विचारतो, माल आहे का. दुसरा म्हणतो, आधी तुझ्या किती ऑर्डरी अडून आहेत ते सांग. ते सांगायला पहिला पुन्हा मालाचंच विचारतो. शेवटी वेळ संपते आणि दोघेही गप्प.

मला हसू आलं. ही तर मी आणि शेजारीण. ती म्हणते, तू जाशील तर मी येतो. मी म्हणते, तुम्ही जाल तर. दोघी आपापल्या अंगणात उभ्या, आणि बाकीच्या बाया रोवायला केव्हाच धानाच्या बांधीतल्या चिखलात उतरलेल्या.

"मंग बाया जमतात कशा?" सुनेने विचारलं.

"मुकादमीण नुसती विचारत नाही. मी चालली, तू येते का, म्हणते. आपलं पहिले सांगून टाकते."

सून लगेच लॅपटॉपकडे वळली. तिने ऑर्डरवाल्याला मालाचं विचारतानाच अडलेल्या ऑर्डरींचा आपला आकडा सोबत पाठवायला लावला. गोदामवाल्याने लगेच उत्तर दिलं. साहेब खूश झाला, इथूनच काम कर म्हणाला. मी नको नको म्हणून हात हलवत होते, तरी तिने माझं नाव सांगितलंच. साहेबाला माझ्याशी बोलायचं होतं. मी गोठ्यात जाऊन लपले.

त्या सल्ल्याचा दंड मला संध्याकाळी भरावा लागला. शेजारीण कुंपणाशी आली. "उद्या रोवण्याले जाते का वो?"

पडवीतून सून टक लावून बघत होती.

"मी चालली," मी म्हटलं. "तुम्ही येता का?"

शेजारीण गोंधळली. "थांब, पलीकडचीले विचारून येतो," म्हणून निघून गेली. सुनेने तोंडावर ओढणी धरली.

सांगून बसल्यामुळे सकाळी मला एकटीलाच निघावं लागलं. लाजेने मागे वळून पाहिलं नाही. देवळापर्यंत पोहोचले तेव्हा मागून बांगड्या वाजत होत्या.